पंडिता रमाबाई आणि दुष्काळातल्या लेकी

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळातल्या बहुतेक भगिनींना ठाऊक आहे. मोठ्या विदुषी होत्या, विलायतेला जाऊन आल्या, धर्म बदलला, केडगावला आश्रम काढला, एवढे साधारण सगळ्याजणी सांगतात. परंतु एक दुष्काळ त्यांनी स्वतः उपाशी राहून काढला होता, आणि पुढे वीस-बावीस वर्षांनी मुलुखात पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा त्या आपण होऊन तिकडे धावल्या, हे पुष्कळजणींच्या कानी आलेले नसते. म्हणून स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र मी त्याच बाजूने लिहीत आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यास पेशव्यांच्या वाड्यात त्यांनी एका राणीसाहेबांना संस्कृत म्हणताना ऐकले आणि बायकांनाही ही विद्या येऊ शकते हे त्यांच्या मनाने घेतले. पुढे आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकवू लागले. त्या काळी बाईने संस्कृत शिकणे म्हणजे धर्म बुडाला असे लोक मानीत. शास्त्रीबोवांना त्याबद्दल जाब विचारला गेला, पण ते डगमगले नाहीत. लोकांचा त्रास नको म्हणून रानात जाऊन राहिले, तेथे विद्यार्थी ठेवले, आल्यागेल्या यात्रेकरूंना जेवू घातले. या अतिथी-अभ्यागतांपायी कर्ज झाले आणि शेवटी घरदार सोडून तीर्थयात्रा करीत फिरण्याची पाळी आली. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसाच्या डोक्यावर दिले आणि सारे कुटुंब निघाले. थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि ही धाकटी.

देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक फळे, धान्य, पैसे ठेवतील त्यावर राहायचे, असा त्यांचा चरितार्थ होता. आईने रमेला पहाटे उठवून संस्कृत शिकविले. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते. एवढी विद्या घरात होती, पण हातांनी करायचा धंदा मात्र घरातल्या एकालाही येत नव्हता. पुढचे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई झाली. गाठीला थोडे पैसे होते. संकट टळावे, देव प्रसन्न व्हावा म्हणून शास्त्रीबोवांनी अनुष्ठाने केली, ब्राह्मणभोजने घातली, दाने दिली. पैसे संपले तेव्हा भांडीकुंडी आणि चांगली वस्त्रे विकली आणि तेही त्यातच गेले. मजुरी करणे पंडितांच्या घराण्याला कमीपणाचे वाटे आणि भीक मागायला जीभ उचलत नव्हती. अखेरीस काहीच उरले नाही तेव्हा हे कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांची दृष्टी तेव्हा गेलेली होती. त्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि मुलांचा निरोपही घेतला. तेव्हा श्रीनिवासाने, आपण मोलमजुरी करून आईबापांना पोसू, असे म्हणून त्यांना थांबविले. पण फार उशीर झाला होता. वडील थोड्याच दिवसांत गेले.

दीड महिन्यांनी आईची पाळी आली. आई तापात जेवायला मागत होती आणि घरात कण नव्हता. भाऊही आजारी. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मणाच्या दारी जाऊन उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतले पाणी लपवीत ती तशीच उभी होती. त्या घरच्या बाईला काही सांगावे लागले नाही. तिने बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणून मुलीच्या हातावर ठेवला. तो तुकडा घेऊन रमा घरी आली खरी, पण आईच्या अंगात आता घास गिळण्याचीही शक्ती राहिली नव्हती.

आई गेली आणि तिला उचलायला माणसे मिळेनात. कोण कुठले परके लोक, म्हणून गावातले कोणी पुढे येईना. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली. ते दोघे, भाऊ आणि रमा अशा चौघांनी तिरडी उचलली. स्मशान तीन मैल लांब होते. रमा उंचीने लहान, खांदा पोचेना, म्हणून तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. आपल्याकडे स्त्रिया स्मशानात जात नाहीत, मग खांदा देणे तर दूरच. पण त्या मुलीला रीतभात पाहण्याची सोयच नव्हती. पुढे काही महिन्यांत बहीणही गेली.

उरलेली दोन भावंडे पायी हिंडत राहिली. दक्षिणेपासून पंजाब-काश्मीरपर्यंत ती गेली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन रात्री काढल्या. १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोचली. तेथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एकाएकी सगळ्या हिंदुस्थानात त्यांचे नाव झाले.

यानंतरचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण तो पुष्कळ पुस्तकांत आला आहे. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी मनोरमा झाली आणि पावणेदोन वर्षांतच, १८८२ च्या फेब्रुवारीत, यजमान पटकीने गेले. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, स्त्रियांना वैद्यकीचे व मास्तरणीचे शिक्षण मिळावे म्हणून हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला रमाबाई अमेरिकेत हजर होत्या. तेथेच त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. ती ऐकून अमेरिकेतल्या लोकांनी १८८७ साली बॉस्टनला एक मंडळ स्थापिले. ठिकठिकाणच्या बायकांनी आपापसांत लहान गट करून दरसाल ठराविक वर्गणी दहा वर्षे देण्याचे कबूल केले. दहा वर्षे ही मुदत मला फार महत्त्वाची वाटते. व्याख्यान ऐकून डोळे पुसताना बटव्यात हात घालणे सोपे असते; आठव्या-नवव्या वर्षी आठवणीने वर्गणी भरणे कठीण, हे आपल्या मंडळाच्या खजिनदारीणबाईंना विचारावे.

त्या वर्गणीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. वर्षभराने सदन पुण्यास आले. मुलींना त्यांचा धर्म पाळायची मोकळीक राहील असे सांगितलेले होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या आणि १८९३ साली मोठा गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या, वर्तमानपत्रांतून टीका झाली. पुण्याशी रमाबाईंचा संबंध तेव्हापासून दुरावला. पुढे त्यांनी पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. अमेरिकेची दहा वर्षांची मुदत संपली तर सदनाला स्वतःचे काही उत्पन्न असावे, हा त्यातला हेतू.

तेवढ्यात १८९६ साली पाऊस गेला. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाकडच्या भागात, भयंकर दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबईत प्लेग सुरू झाला आणि तो पुण्याकडे सरकत होता. रमाबाईंच्या हाताशी पैसा बेताचा होता. अमेरिकेची वर्गणी शारदा सदनासाठी बांधलेली होती, दुष्काळातल्या मुलींसाठी नव्हे. पण बातम्या वाचून त्यांना आपलेच जुने दिवस समोर दिसू लागले आणि त्या निघाल्या.

तेथे सरकारने खडी फोडण्याची आणि रस्त्याची कामे काढली होती, गरीबखाने उघडले होते. रमाबाई ते पाहत फिरल्या. आईबाप मेलेली किंवा ताटातूट झालेली पोरे रस्त्यावर पडलेली होती. सर्वांत वाईट गत वयात येणाऱ्या मुलींची आणि तरुण विधवांची होती. अन्नाच्या आशेवर त्यांना फसवून नेणारी माणसे अशा ठिकाणी हिंडत होतीच. अशी मुलगी दुष्काळातून जगली तरी तिचे पुढे काय होणार हे रमाबाई उघड पाहत होत्या. सोळाव्या वर्षी त्या स्वतःही अशाच उघड्यावर पडल्या होत्या. फक्त त्यांना भाऊ होता.

त्यांनी मुली गोळा करून आणायला सुरुवात केली. पुण्यात प्लेगमुळे इतक्या नव्या माणसांना ठेवून घ्यायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावच्या शेतावर, जेथे नीट घर नव्हते, तेथे तंबू आणि गवताच्या झोपड्या घालून या मुली ठेविल्या. तीनशेच्या आसपास मुली तेथे राहिल्या. हळदीकुंकवाला पन्नास बायकांची खिरापत करताना आपली किती धांदल उडते! तेथे तीनशे पोरी, त्याही अशा की कित्येकींच्या अंगावर धड चिंधी नाही, डोक्यात उवा, पायांना जखमा. उपाशी माणसाला एकदम पोटभर घातले तर ते सोसत नाही, म्हणून बेताबेताने खायला द्यावे लागे. आणि त्यांना खाण्याचा भरवसाच वाटत नसे. पानातले उचलून लपवून ठेवायच्या, दुसरीच्या हातातले हिसकावून घ्यायच्या. कित्येकजणी आल्या आणि दुखण्याने गेल्याही.

रमाबाईंनी येथे एक तोड काढली. शारदा सदनातल्या मोठ्या मुलींकडे या नव्या मुली थोड्या थोड्या वाटून दिल्या. न्हाऊ घालणे, केस विंचरणे, जखमा धुणे, निजवणे हे ज्या त्या ताईने आपल्या मुलींचे पाहायचे. या ताया म्हणजे बहुतेक बालविधवा, ज्यांना घरात कोणी पंक्तीला घेत नव्हते, त्याच. इतके दिवस अमेरिकेतल्या बायकांच्या वर्गणीवर ज्या शिकल्या, त्या आता दुसऱ्याला देणाऱ्या झाल्या.

दुसऱ्यांनीही दुष्काळात काम केले, ते विसरून चालणार नाही. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते, आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. १८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांना दुष्काळी कायद्यातले त्यांचे हक्क समजावून दिले. परंतु शेकडो निराधार मुली घरी आणून त्यांना कायमचे ठेवून घेण्याचे काम एवढ्या प्रमाणावर फारसे कोणी अंगावर घेतले नाही.

आपल्या मंडळाने २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या महापुराच्या वेळी मदत गोळा केली, ते सर्वांना आठवत असेल. तांदूळ, साबण, चादरी आल्या, तशा फाटक्या ब्लाऊजांच्या आणि विटक्या साड्यांच्या मोटाही आल्या. त्या निवडून बाजूला काढण्यातच आपल्या चौघीजणींचे दोन दिवस गेले. देणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण आपल्याला नकोसे झालेले देणे आणि समोरच्याला काय हवे ते पाहून देणे यांत फरक आहे, आणि रमाबाईंच्या चरित्रात तो फार स्पष्ट दिसतो. त्यांच्या वडिलांनी घरातले होते नव्हते ते दान करून टाकले, पण त्याने त्यांच्या मुलांच्या पोटात काही पडले नाही.

दुष्काळ एका पावसाने संपतो. मुली मात्र तशाच उरतात. म्हणून १८९७ चा पाऊस चांगला झाल्यावर खरे काम सुरू झाले. केडगावच्या या वस्तीला रमाबाईंनी मुक्ती सदन हे नाव दिले. अमेरिकेच्या मंडळाची दहा वर्षे भरली, तेव्हा १८९८ साली त्या पुन्हा तिकडे गेल्या, केलेल्या कामाचा हिशेब मांडला आणि मंडळ नव्याने उभे राहिले. इकडे पक्क्या इमारती उठल्या. मुलींना लिहावाचायला तर शिकविलेच, पण प्रत्येकीच्या हाताला काही काम लावून दिले. कोणी मागावर बसली, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गुरांकडे, कोणी बागेत, कोणी शिवणाकडे, कोणी छापखान्यात. आपल्या घरात सगळी शास्त्रे येत होती आणि पोटापुरते मिळविता येत नव्हते, हे त्या विसरल्या नव्हत्या असे मला वाटते. मुक्तीतल्या कोणत्याही मुलीवर ती वेळ येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष दिसतो.

हे बसते न बसते तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरात, काठेवाड, राजपुताना सगळा होरपळला. विक्रम संवत १९५६ चा, म्हणून त्याला तिकडे अजून छप्पनिया म्हणतात. या वेळी रमाबाईंना एकटीने फिरावे लागले नाही. मुक्तीतल्या बायका गुजरातेत गेल्या आणि मुली घेऊन आल्या. केडगावची वस्ती तेव्हा दोन हजारांच्या घरात गेली. फसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले होते. म्हाताऱ्यांची आणि आंधळ्यांची वेगळी सोय झाली. आंधळ्यांची लिपी रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, शिकून घेतली आणि मुक्तीतल्या आंधळ्या बायकांना वाचायला शिकविले.

आता धर्माचे. मुक्तीत ख्रिस्ती शिकवण दिली जाई आणि तेथल्या मुली बहुतेक ख्रिस्ती झाल्या, हे खरे आहे. त्याचा राग पुष्कळांना होता, आजही आहे. माझ्या घरी रोज देवपूजा होते आणि मला या गोष्टीचे काहीच वाटत नाही असे मी म्हणणार नाही. संकटात सापडलेल्याला अन्नाबरोबर धर्मही द्यावा का, हा प्रश्न रास्त आहे. उपाशी पोर नको म्हणण्याच्या स्थितीत नसते. पण ती पोर रस्त्यावर पडलेली होती तेव्हा तिच्या जातीची, धर्माची माणसे त्याच रस्त्याने जात होती, हेही तितकेच खरे. आमच्याकडे या विषयावर बायका बोलू लागल्या की दोन तट पडतात. मला वाटते, ज्यांना रमाबाईंचा मार्ग पसंत नाही त्यांनी तेवढ्या मुली आपल्या रीतीने सांभाळून दाखविल्या असत्या तर वाद आपोआप मिटला असता. कर्व्यांनी विधवांच्या बाबतीत हिंगण्याला तेच केले.

रमाबाई स्वतः अगदी साध्या राहत. पांढरे सुती लुगडे, शाकाहारी जेवण, पहाटे उठणे, हे धर्म बदलल्यावरही सुटले नाही. सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. उतारवयात त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले होते. बायबलचे जे मराठी भाषांतर होते ते अडाणी बायकांना समजत नसे, म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्या स्वतः सोपे भाषांतर करीत होत्या. प्रकृती खचत चालली होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. आईमागे संस्था सांभाळायची म्हणून तयार केलेली ही एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी तरीही काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते.

ते केडगावच्याच छापखान्यात छापले. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे आश्रमातल्या बायकांनीच केली. त्यांतल्या कित्येकजणी तेथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुली तेथे राहतात.